परतबाई

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, सकाळी साडेसात ते नऊ या दीड तासात, परतबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत तीन बायका रक्त न घेताच परत पाठवल्या. पहिलीला विचारलं, "पाळीचा कितवा दिवस?" ती म्हणाली, "चौदा-पंधरावा असेल." "मग आज नको. पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी ये, सकाळी लवकर." दुसरी डोक्यावरचे केस गळतात म्हणून कसल्याशा व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत होती. तिला सांगितलं, "त्या गोळ्यांनी मशीन फसतं. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेव, मग ये." तिसरी हार्मोनच्या गोळ्यांवर होती आणि तिने ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. ती चिडली. "अहो मॅडम, ऑफिसला हाफ डे टाकून आलेय मी!" परतबाई तिच्या दंडावर बांधलेला पट्टा सोडत शांतपणे म्हणाल्या, "हाफ डे परत मिळेल. चुकीच्या दिवशी घेतलेलं रक्त खोटं बोलतं, आणि मग तुझे डॉक्टर त्या खोट्यावर औषध देतात. आधी त्यांना फोन कर."

मी काउंटरवर बसून हे बघत होते आणि ही लॅब महिनाभरात बंद पडणार असं मनात म्हणत होते.

लॅब बंद पडली नाही. चिंचपोकळी स्टेशनवरून लालबागकडे चालत येताना एक जुनी इमारत लागते, तिच्या पहिल्या मजल्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर ती अजून आहे. दोन खोल्या, एक लांब बाकडं, एक काउंटर. उन्हाळ्यात आसपास मसाल्याच्या मिरच्या कांडायला सुरुवात झाली की रक्त देणारे आणि घेणारे दोघंही शिंकू लागायचे. परतबाई सुई हातात धरून थांबायच्या. "शिंकून घ्या सगळे आधी. मी एकदाच टोचते. दोनदा टोचायला मी काय डास आहे?"

त्यांचं खरं नाव सुलभा. तोंडावर आम्ही सगळे सुलभाताई म्हणायचो. परतबाई हे नाव माझ्या आधी काउंटरवर बसणाऱ्या मुलीने ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा फोनवर कोणाला तरी स्वतःच सांगताना ऐकलं, "हो हो, परतबाईच बोलतेय." ठेंगण्या, सावळ्या, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. राहायच्या कॉटन ग्रीनच्या एका चाळीत. वडील गिरणीत होते. मूळ गाव देवगडकडचं, त्यामुळे कोकणातली एखादी म्हातारी रक्त द्यायला आली की यांचं मराठी लगेच घसरायचं. "काय गे, खयच्या गावची तू?" म्हातारी गाव, वाडी, देऊळ सांगत बसायची आणि तिचं बोलणं संपायच्या आत नळी भरलेली असायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

दादरच्या एक हार्मोनच्या डॉक्टर आमच्याकडे पेशंट पाठवत. त्यात बऱ्याच जणी चेहऱ्यावर केस येतात म्हणून तपासणी करायला आलेल्या असत. पुरुषांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन बाईच्या अंगातही थोडं असतं. ते वाढलंय का, थायरॉइड बिघडलंय का, आणखी दोन-चार गोष्टी, असं बघायचं. त्यातल्या काही तपासण्या पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत आणि सकाळीच करायच्या असतात, म्हणून परतबाईंचा तो कितव्या दिवसाचा हट्ट. या बायका जिना चढतानाच ओळखू यायच्या. ओढणी नाकापर्यंत, नाहीतर हात हनुवटीवर. बाकड्यावर बसल्या तरी हात तिथेच. परतबाईंनी स्वतःच्या एका जुन्या सुती साडीचा पडदा शिवून आतल्या खुर्चीपुढे लावला होता. इतरांची नावं त्या दारातून मोठ्याने पुकारायच्या. या बायकांजवळ मात्र उठून जायच्या, खांद्याला हात लावायच्या आणि "चल" म्हणायच्या. बोलताना त्यांची नजर बाईच्या डोळ्यांवरून हलायची नाही. मी मुद्दाम बघितलंय. एकदाही खाली सरकली नाही.

त्यांच्या काही गोष्टींना तोड नव्हती. डॉक्टरकडे पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला सांगायच्या, "जायच्या आधी पार्लरला जाऊ नकोस. सगळं काढून गेलीस तर डॉक्टर बघणार काय, तुझी टिकली?" एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली आणि काउंटरवर वाकून मला हळूच म्हणाली, "हिचं लग्न ठरतंय. रिपोर्टवर नाव दुसरं घाला ना, माझ्या बहिणीचं घाला." मी गोंधळले. परतबाईंनी आतून ऐकलं होतं. बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "रक्त हिचं आहे ना? मग नाव पण हिचंच." आई ओशाळली. मुलगी पहिल्यांदा हनुवटीवरचा हात काढून हसली.

मला हे काम मिळालं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि रोज पहाटे दाढी करत होते.

परळच्या आमच्या चाळीतल्या खोलीत सगळे उठायच्या आत मी मोरीत जायचे, दिवा न लावता. अकरावीपासून हेच चाललं होतं. आधी आईने हळद-बेसन लावून बघितलं, मग पार्लरवालीकडे नेलं, मग नेणं थांबवलं आणि विषयही थांबवला. संध्याकाळपर्यंत हनुवटी पुन्हा खरखरीत व्हायची. मी कोणाच्या लग्नाला दुपारनंतर थांबत नसे. ग्रुप फोटोत कडेला उभी राहायचे आणि मान वळवायचे. सवयीने मी काउंटरवरही तळहातावर हनुवटी टेकवून बसायचे. लोकांना वाटायचं, मुलगी कंटाळलेली आहे.

परतबाई दोन महिने काही बोलल्या नाहीत. मग एका दुपारी गर्दी ओसरल्यावर चहाचा ग्लास माझ्यापुढे ठेवत त्यांनी विचारलं, "अश्विनी, किती वर्षं झाली?"

"कशाला, ताई?"

"रेझरला."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून मी उठले. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. नळ्या त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवायचे. पाचव्या दिवशी त्या पुन्हा चहा घेऊन आल्या. "मी ज्या तऱ्हेने विचारलं ते चुकलं. पण उत्तर मला पाहिजेच आहे."

मग मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, आईलाही कधी सांगितलं नव्हतं तेसुद्धा. बँकेत नोकरी असलेल्या एका मुलाकडचे लोक बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी मध्यस्थाने वडिलांना फोनवर "मुलगी बाकी छान आहे, पण" असं म्हणून पुढचं वाक्य अर्धंच सोडलं. वडिलांनीही ते पुरं करायला लावलं नाही. हे सांगताना मी रडले. परतबाईंनी मधेच विचारलं, "पाळी वेळेवर येते?" मी रडता रडता हो म्हटलं. "वजन वाढलं? आवाज बदलला? एकदम आले का केस, की हळूहळू?" हळूहळू. "बरं. दादरच्या डॉक्टरांकडे जा. त्या सांगतील काय काय तपासायचं ते. आणि ये माझ्याकडे. दिवस मोजून ये."

पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या पडद्यामागच्या खुर्चीत मी बसले. इतकी माणसं तिथे बसलेली मी बघितली होती, पण त्या खुर्चीतून समोरची भिंत किती जवळ वाटते ते तोवर माहीत नव्हतं. त्यांनी चहाच्या ग्लासावर हात गरम करून घेतले आणि माझा दंड धरला. त्यांचे हात मुळात थंड होते, म्हणून प्रत्येक वेळी त्या असं करायच्या.

रिपोर्ट मीच प्रिंट केला. सगळं व्यवस्थित होतं. सगळे आकडे जिथे असायला हवेत तिथे. मी तो कागद हातात घेऊन पडद्यामागे गेले आणि ढसाढसा रडले.

"चांगला रिपोर्ट आला म्हणून रडतेस?" परतबाईंनी विचारलं.

"काहीतरी निघायला हवं होतं ताई. काही निघालं असतं तर म्हणता आलं असतं ना, की हे आहे, म्हणून असं आहे."

त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "या खुर्चीत बसून असं रडणारी तू पहिली नाहीस. कितीतरी जणींचं रक्त स्वच्छ निघतं आणि केस असतातच. घरात कोणाला आहेत?"

"मोठ्या आत्याला. प्रभादेवीला असते."

"मग तिने काय केलं?"

"काही नाही. तिला चार मुलं झाली आणि ती सगळ्यांवर ओरडते."

"मग आत्याचा चेहरा आलाय तुला. आता तिचं ओरडणं पण येऊ दे."

मी रडता रडता हसले. दादरच्या डॉक्टरांनीही तेच समजावलं, जरा अवघड शब्दांत. घाबरण्यासारखं काही नाही. लेझर करता येईल, मलम आहे, थोडी वाट बघावी लागेल, आणि काहीच करायचं नसेल तर तेही चालेल. त्या रात्री मी आईच्या समोर दिवा लावून मोरीत गेले. आईने माझ्या हातात स्वच्छ टॉवेल दिला. मी लेझर सुरू केलं. तीन खेपा झाल्या आणि कोरोना आला. सगळं जग मास्कला वैतागलं होतं तेव्हा मी एकटी मनातल्या मनात सुखात होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

कमलची गोष्ट त्याच काळातली. कमल वरळीच्या कोळीवाड्यातली, लालबागच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. परतबाई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घ्यायच्या, कोरोनात मात्र त्यांचं बाजारात जाणं सुटलं होतं. तिची हाक अशी बारीक आणि खणखणीत होती, की कोपऱ्यावरून वळायच्या आधीच कमल आली आहे की नाही ते कळायचं. टाळेबंदी उठून बाजार पुन्हा नीट भरायला लागला, त्या दिवसांत एका सकाळी ती लॅबमध्ये आली. माझी त्या दिवशी सुट्टी होती. पुढचं सगळं मी नंतर ऐकलेलं आहे.

परतबाई पाठमोऱ्या उभ्या राहून नळ्यांवर लेबलं चिकटवत होत्या. मागून आवाज आला, "ताई, साखर बघाची हाय." त्यांना वाटलं, कमलचा नवरा आलाय. वळून बघतात तर कमल.

"मास्क काढ."

"कशाला? कोरोना हाय ना."

"काढ म्हणते ना, कमळे."

कमलने मास्क खाली केला. हनुवटीवर आणि ओठांवर दाट खुंट होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस विरळ झाले होते. गणपतीत काही नव्हतं, दिवाळीनंतर सुरू झालं आणि शिमग्यापर्यंत असं, असं ती म्हणाली. पाळी गेली होती, ती वयाने गेली असं तिने धरलं होतं. आवाज ओरडून ओरडून बसलाय असं म्हणाली. पण ओरडणं तर तिने केव्हाच सोडलं होतं. हाक घालायचं काम मुलीकडे देऊन ती मान खाली घालून नुसती मासे कापत बसायची, कारण एका गिऱ्हाइकाने मागून "दादा, पापलेट कसं दिलं?" असं विचारलं होतं आणि आजूबाजूच्या बायका हसल्या होत्या.

पॅथॉलॉजिस्ट सर, म्हणजे आमचे मालक, दहाला यायचे. परतबाईंनी त्यांना घरी फोन करून लगेच बोलावून घेतलं. सरांनी कमलला तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि रक्त तिथल्या तिथे घेतलं गेलं. सरांनी सवयीने विचारलं, "सुलभाताई, दिवस बघितलात का?" परतबाई म्हणाल्या, "हिला दिवस विचारायचा नाही, सर. वर्षानुवर्षं हळूहळू येतं ते वेगळं. हे चार महिन्यांत आलंय, आवाजासकट."

आता माझा भाग. हार्मोनची रक्तं आम्ही एका मोठ्या लॅबकडे पाठवायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथून फोन आला. माझ्यापुढे सहा माणसं उभी होती, दुसरा फोन वाजत होता. पलीकडची मुलगी म्हणाली, "कमल, वय चव्वेचाळीस. तुम्ही फीमेल टाकलंय. व्हॅल्यू तर मेलची येतेय. एंट्री चुकलीय का?" मी कॉम्प्युटरवर नुसतं नाव बघितलं. कमल. आमच्या चाळीत एक कमलकाका होते. "हो, चुकली असेल," मी म्हटलं, "फीमेलचं मेल करा." संध्याकाळी रिपोर्ट आला. एकही आकडा ठळक नाही, एकही बाण नाही. पुरुषाच्या मापाने सगळं ठीक. मी तो पाकिटात घातला.

पाकीट बंद व्हायच्या आधी प्रत्येक रिपोर्ट वाचायची परतबाईंना खोड होती. ते त्यांचं काम नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी कागद बाहेर काढला, चष्मा लावला आणि तो उभ्या उभ्या दोनदा वाचला.

"अश्विनी, हा कमल कोण?"

"असतील कोणी काका."

"काका?" त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि नावावर बोट ठेवलं. "ही कमल आहे. मासेवाली. काल मी हिचं रक्त घेतलंय."

फोनची हकीकत मी सांगितली. सांगता सांगताच मला काय झालंय ते कळत गेलं आणि माझा आवाज खाली खाली जाऊ लागला. परतबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आकडा बरोबर होता. तो आपल्याला पटला नाही, म्हणून आपण बाईच बदलून टाकली."

अकरावीपासून मी हनुवटी लपवत आले होते. कोणी चुकून जरी माझ्याकडे दोनदा बघितलं तरी मला दिवसभर जेवण जात नसे. आणि मीच, अर्ध्या मिनिटात, एका बाईला पुरुष करून मोकळी झाले होते. तो कागद तसाच गेला असता तर डॉक्टरने नुसता आकडा बघून तो बाजूला ठेवला असता, किंवा कमलनेच "सगळं ठीक आहे" असं ऐकून पुन्हा मान खाली घालून मासे कापले असते.

"सरांना तू सांगायचंस," परतबाई म्हणाल्या. "मी सांगणार नाही." मी सांगितलं. सरांनी मोठ्या लॅबला फोन केला, रिपोर्ट दुरुस्त झाला. आता त्याच्यावर तोच आकडा ठळक अक्षरांत होता, बाईच्या मर्यादेच्या कितीतरी वर. कमल फोन उचलत नव्हती. तेव्हा परतबाई कोट काढून म्हणाल्या, "चल. बाजार जवळ आहे."

कमल पाटावर बसून सुरमईचे तुकडे करत होती. परतबाईंनी तिला उद्या पुन्हा रक्त द्यायला ये, मग सोनोग्राफी करायची, असं सांगितलं. चुकीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ते माझ्यासाठी ठेवलं होतं. मी उकिडवी बसले आणि सांगितलं, की माझ्यामुळे तुमच्या रिपोर्टवर पुरुष असं लिहिलं गेलं होतं. कमलने सुरी थांबवली. मग त्या घोगऱ्या आवाजात हसली. "मना बाप्या केलंस गो तू!" हसता हसता थांबली. हात माशांनी भरलेले, म्हणून कोपराने डोळे पुसले. "माजा नवरा पन तेच बोलतो."

"त्याला उद्या बरोबर घेऊन ये," परतबाई म्हणाल्या. "त्याला मी बघते."

दुसऱ्या दिवशी तो आला, दारात चपला काढून अंग चोरून उभा. परतबाईंनी त्याला खुर्ची दिली नाही. "ही बाप्याबिप्या होत नाहीये. ही आजारी आहे. अंगात कुठेतरी गाठ असणार आणि वेळेत सापडली तर निघून जाणार. ही जाईल तिथे तिच्याबरोबर जायचं. आणि घरी हिला कोण काय बोललं तर मला येऊन सांगायचं." तो माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. दुसरं रक्त घेतलं, आकडा तोच आला. डाव्या अंडाशयात सुपारीएवढी गाठ निघाली. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तेव्हा हा नवरा सकाळपासून जिन्यात डबा धरून बसला होता. गाठ कुठे पसरली नव्हती. महिन्याने कमलचं रक्त पुन्हा तपासलं आणि आकडा बाईच्या मापात उतरला होता. सर स्वतः कागद घेऊन बाहेर आले.

हनुवटीवरचे केस हळूहळू कमी झाले, कपाळावरचे भरून आले. आवाज मात्र पहिल्यासारखा झाला नाही, थोडा जाडच राहिला. कमल आता त्याच आवाजात हाक घालते. म्हणते, "आधी नाक्यापर्यंत जायची, आता स्टेशनपर्यंत जाते."

मी परतबाईंना पुढे एकदा विचारलं, "तुम्हाला माझा राग नव्हता आला?" त्या म्हणाल्या, "आला होता ना. चांगला चार दिवस होता. मग काम होतं." पण त्या रागाचं त्यांनी काहीतरी करून ठेवलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी माझ्यासमोर लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म टाकला. "तू रोज टाइप करतेस ते काय असतं, हे तुला कळायला नको?" मी नोकरी सांभाळून दादरला संध्याकाळचे वर्ग केले. घरचा अभ्यास परतबाई तपासायच्या, चष्मा लावून, लाल पेनाने, आणि माझ्या अक्षराला नावं ठेवायच्या.

लग्नाचंही त्यांना आधी कळलं, आईला नंतर. मुलगा डिलाइल रोडचा, छापखान्यात कामाला. दुसऱ्या भेटीत मी त्याला सरळ सांगून टाकलं, की मी दाढी करते. लेझर चालू आहे, पण पुरतं जाईलच असं नाही. तो विचारात पडला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "मी आठवड्यातून दोनदाच करतो. तुला ब्लेड कुठलं चालतं?" मी लॅबमध्ये येऊन हे परतबाईंना सांगितलं तेव्हा त्या नळीवर नाव लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो म्हण त्याला. आजच्या आज."

गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं. डोळ्यांना बारीक शिरा नीट दिसेनात. कोणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच सरांना सांगितलं. धाकटी बहीण देवगडला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सरांनी सकाळीच पेढे मागवले, कमल सोललेली कोळंबी घेऊन आली, दादरच्या डॉक्टरही येऊन गेल्या. परतबाई सगळ्यांशी नेहमीसारखं तुटक बोलत होत्या. पेढा मात्र त्यांनी घेतला नाही. मला आश्चर्य वाटलं.

मग सगळ्यांची पाठ वळल्यावर त्या पडद्यामागे गेल्या, खुर्चीत बसल्या आणि बाही वर सारली. "सर म्हणतात गावी जायच्या आधी सगळं तपासून जा. उपाशी आलेय. घे."

तोवर मी आठ महिने रक्त घेत होते, पण त्या शेजारी उभ्या असायच्या. आता त्या समोर बसल्या होत्या. मी हात धुतले, पट्टा बांधला. त्यांची शीर खोल होती, बोटाला लवकर लागेना. त्या काही सांगेनात. खिडकीकडे बघत बसल्या, जणू खाली रस्त्यावर काहीतरी महत्त्वाचं चाललंय. मला शीर सापडली. नळी भरली. मी कापूस दाबून धरला तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

त्यांनी नळी हातात घेतली आणि चष्मा लावून लेबल वाचलं. त्यांचं नाव, वय, आणि खाली रक्त घेणाऱ्याच्या जागी माझं अक्षर. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. माझे डोळे आधीच भरले होते.

"वेळ लिहायची राहिली," त्या म्हणाल्या.

मी पेन घेतलं आणि लिहिलं, दहा वाजून वीस मिनिटं. त्यांनी ते पुन्हा वाचलं, नळी स्टँडमध्ये सरळ ठेवली आणि बाहेर जाऊन पहिला पेढा खाल्ला.